उजवा कौल

हे सांगून कुणाला पटायचं नाही, पण गडहिंग्लजच्या अलीकडच्या एका गावात भैरोबा सलग नऊ वर्षं एका बाईला एकदाही 'न्हाय' म्हणाला नव्हता. ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्यानं ठेवू नये. भैरोबाचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

बाईचं नाव शांतव्वा. तिचा नवरा नागाप्पा बासष्ट साली बैलजोडी घेऊन बाजाराला गेला आणि जोडी विकून तिकडंच गडप झाला. विकलेले बैल पंधराव्या दिवशी दावं तोडून, तीन ओढे ओलांडून आपल्या गोठ्यात येऊन उभे राहिले. नागाप्पा आला नाही. तेव्हापासून दर अमावास्येला शांतव्वा देवळात येऊन कौल लावी. देवाच्या दोन खांद्यांना पाण्यानं एकेक पाकळी चिकटवायची; उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय. "माझा मालक येणार काय?" असं ती विचारी, आणि उजवी पडे. शंभरावर कौल झाले, सगळे उजवे.

पाडणारा ज्ञानू गुरव होता. पाणी जरा कमी लावलं की पाकळी लवकर वाळते आणि सुटते, एवढंच त्यातलं कसब. पहिल्या अमावास्येला बाईचं तोंड बघवलं नाही म्हणून त्यानं उजवीला पाणी कमी लावलं. मग थांबायचं कसं, ते त्याला कळेना.

पण परवा विहिरीवर त्याला शांतव्वाची लेक कस्तुरी दिसली. पंचविशीची पोर आणि कानामागं पांढरा केस. बाप आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत म्हणून आईनं दोन स्थळं परतवली होती. तिसरं संकेश्वरचं होतं. ते काही जन्मभर वाट बघणार नव्हते.

आज शांतव्वानं प्रश्नच निराळा घातला. "देवा, त्यांच्यासाठी आणखी थांबू काय?"

ज्ञानू मनातल्या मनात देवाला म्हणाला, नऊ वर्षं तुझ्या नावानं मीच बोललो, आज शेवटचं बोलतो. त्यानं उजवी पाकळी तांब्यात बुडवून निथळती चिकटवली. डावीला नुसतं ओलं बोट लावलं. मग दोघंही हात जोडून उभी राहिली.

समईची वात दोनदा पुढं सारावी लागली. डावी पाकळी वाळली, कडेनं वळली, तरी जागची हलेना. आणि उजवी, जिच्यातनं अजून पाणी गळत होतं, ती घसरली आणि भैरोबाच्या पायावर पडली.

ज्ञानूनं गाभाऱ्यात इकडंतिकडं बघितलं. वारा नव्हता. उंदीर नव्हता. त्यानं डावीला बोट लावून बघितलं. खिळा मारल्यागत घट्ट. पाण्यानं जड होऊन पडली म्हणावं, तर ही वाळकी का राहिली? देव खरंच बोलला? मग नऊ वर्षं गप का होता? की नऊ वर्षंही तोच पाडत होता, आणि आपलं पाणी फुकट?

शांतव्वा पडलेल्या पाकळीकडं बघत होती. काहीतरी बोलणं भाग होतं.

"त्याचं असं हाय, शांतव्वा," ज्ञानू म्हणाला. "पहाटे देव सपनात आल्ता. पांढऱ्या घोड्यावरनं. घोडं आमच्या परड्यात वैरणीला लागलं, निम्मी गंजी फस्त. देव म्हणला, ज्ञानबा, आज उजवं पडलं तर ते थांब म्हणून धरू नगो. नागाप्पा वाटंला लागलाय, पण त्याला येळ हाय. तवर पोरीचं लगीन उरकून घे म्हणावं. सोताच्या तोंडानं म्हणला, आन् वर..."

"मामा," शांतव्वा म्हणाली, "खोटं बोलतासा."

ज्ञानू समईची वात सारायला वळला.

"नऊ वर्सं उजवीला पाणी कमी लावत आलासा. मला दिसत न्हाय व्हय?" तिच्या आवाजात राग नव्हता. "ठावं असून येत हुतो मी. आन् लगीन तर सोमवारी हाय, संकेश्वरला सांगावा धाडूनच आल्तो. आज डावीला कमी लावलासा, तेबी बघितलं. म्हटलं, बरं झालं, सुटलो एकदाचं."

ती वाकली. देवाच्या पायावरची पाकळी तिनं उचलली आणि ज्ञानूपुढं धरली. पाकळीतलं पाणी तिच्या मनगटावर ओघळत होतं.

"मग ही कशी पडली, तेवढं खरं सांगा."