निवड वाढवायची का?

मुलाखतीत काका पास झाले. हे वाचलंच नाही असं समजा, कारण रविवारी सकाळी काकांनाही ते माहीत नव्हतं.

"उद्या समोरच्याला कळलं, की मला यातलं ओ की ठो येत नाही, तर?" काकांनी विचारलं.

"कळणारच," पुतणी म्हणाली. "म्हणून तर बसलोय. आधी माउस सैल धरा. गळा दाबताय त्याचा."

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता. पुतणी काकांकडेच राहायची. तिने डेटा अ‍ॅनालिसिसचा कोर्स केला होता, त्यात पहिली आली होती आणि तेव्हापासून घरीच होती. काकांचं म्हणाल, तर इतकी वर्षं ऑफिसात त्यांची स्प्रेडशीट म्हणजे शेजारच्या टेबलावरचे एक जाडे गृहस्थ होते. काका "जरा बघता का" म्हणायचे, गृहस्थ बघायचे. गेल्या महिन्यात गृहस्थ निवृत्त झाले. आता बघणारं कुणी नव्हतं.

"वरच्या ऑफिसातून एक बाई येणारेत," काका म्हणाले. "त्यांना म्हणे सगळं येतं. चष्म्यावरून बघतात."

"बघू देत. अडलात तर 'हं' म्हणायचं आणि कागदावर काहीतरी लिहायचं."

"काय लिहू?"

"काहीही. 'हं' लिहा."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "नापास झालात तर लाजू नका हो. इथे भांड्यांची जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही."

सरावाला घरच्या फोन नंबरांची शीट घेतली होती. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात 'कोण', तिसऱ्यात नंबर.

"नावं अक्षरांच्या क्रमाने लावा," पुतणी म्हणाली आणि चहा आणायला उठली.

काकांनी नावांचा रकाना निवडला आणि सॉर्ट दाबलं. पडद्यावर चौकट आली. निवड वाढवायची का? आयुष्यभर काकांनी काहीही वाढवायला नकारच दिला होता, मग तो घरखर्च असो की वाढलेला भात. त्यांनी 'नाही' दाबलं. मग फाइल सेव्ह केली आणि बंद केली, कारण उघडी फाइल बघून त्यांना धडधडायचं.

पुतणीने ती पुन्हा उघडली. नावं हलली होती. बाकी सगळं होतं तिथेच होतं. काकूंच्या नावापुढे 'दंतवैद्य' होतं. काकांच्या थोरल्या भावापुढे 'उचलू नये'. पुतणीच्या नावापुढे 'प्लंबर'.

"मी दंतवैद्य?" काकू मागून वाकून म्हणाल्या. "मग आ करा बघू."

काका हसले नाहीत. "कंट्रोल झेड?" त्यांनी आशेने विचारलं. तेवढं एक त्यांना येत होतं.

"फाइल बंद केलीत ना? मग नाही."

"उद्या सगळ्यांदेखत असं झालं तर?"

पुतणीने चहा त्यांच्यापुढे सरकवला. "काका, बाकीची सूत्रं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. एकच रकाना हलवला, की प्रत्येक ओळ ठाकठीक दिसते आणि प्रत्येक ओळ खोटी असते. कुठे लाल होत नाही, भोंगा वाजत नाही. एकाचा पगार दुसऱ्याला, दुसऱ्याचा आजार तिसऱ्याला. आलेखबिलेख नंतर. ही ओळ याच माणसाची आहे का, ते आधी विचारायचं. हे ज्याला सुचतं, त्याला हे काम येतं."

काका म्हणाले, "खरं तर उद्या तू यायला हवीस."

"नियमात बसत नाही," ती म्हणाली आणि रिकाम्या कपात चमचा ढवळत बसली.

काका माउस शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

सोमवारी काका वेळेच्या बरेच आधी पोचले. मुलाखतीच्या दाराबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. काका पहिल्याच खुर्चीवर बसले. शेजारी फुगलेली फाइल मांडीवर घेतलेला एक तरुण होता.

"काका, तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. "या वयात? मानलं तुम्हाला."

"हं," काका म्हणाले.

"टेन्शन आलंय?"

"फार."

"काही होत नाही हो. आत जे बसतात ना, त्यांना आपल्याहून कमी येतं."

काकांना एकदम घाम फुटला. तेवढ्यात दार उघडून शिपाई बाहेर आला आणि खुर्चीवरच्या काकांना बघून दचकला.

"साहेब, तुम्ही इथे? बाई आत येऊन बसल्यात. पहिल्या उमेदवाराला पाठवू का?"

काकांनी दिवसभर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. नावांचा रकाना एकटाच सॉर्ट केला तर काय होईल? फुगलेल्या फाइलीतून प्रमाणपत्रं निघाली, आलेख निघाले, उत्तर निघालं नाही. काका प्रत्येक वेळी 'हं' म्हणाले आणि कागदावर 'हं' लिहिलं. वरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत "प्रश्न काय नेमका काढलात!" म्हणून दाद दिली. संध्याकाळी विभागप्रमुख काकांनी घरची ती फोन नंबरांची शीट जोडून वरच्या ऑफिसला पत्र धाडलं: एकही उमेदवार योग्य आढळला नाही. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांस अर्ज करण्यास मनाई आहे, याची जाणीव आहे. तथापि, सोबतच्या शीटनुसार पुढील उमेदवार ही निम्नस्वाक्षरीकाराची पुतणी नसून प्लंबर आहे, याची कृपया नोंद घ्यावी व तिला मुलाखतीस बोलावण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.