पन्नासावा खड्डा

शेतकी खात्याच्या साहेबांनी एकोणपन्नासाव्या खड्ड्यात काठी खुपसली, ढवळली, आणि टोकाला लागलेल्या लाल चिखलाकडे असं पाहिलं, जणू आता तोच काय ते सांगणार होता.

"इथेही नाही," ते म्हणाले.

विमलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सातवीतली पोर, पण सड्यावर, या उघड्या कातळमाळावर, घरचे सगळे खड्डे तिने एकटीने खणले होते. दोरीने मोजून, पंधरा-पंधरा हात सोडून. प्रत्येकात काजूची एक बी, देठाकडची बाजू वर ठेवून. जूनमध्ये साहेबांनी घरटी पन्नास बिया वाटताना सांगितलं होतं, अगदी तस्संच. मुळं माती धरून ठेवतील, दर पावसात सड्याची माती खाली खाडीत जाते ती थांबेल. उन्हाळ्यात काजू विकले की पावसाळ्याचे तांदूळ आधीच घरात. मग होड्या किनाऱ्यावर उलट्या पडल्या तरी चूल पेटेल. विमलाने तर शाळेत सांगूनही टाकलं होतं, "माजी बाग आसा."

बाग लावली आणि वाटेवरचा व्हाळ असा भरून वाहायला लागला, की आईने तिला पलीकडे पाऊल टाकू दिलं नाही. गवताला आई तेवढी जायची. विमला रोज विचारायची, "इलो काय गो कोंब?"

"अजून वेळ आसा," आई म्हणायची. "काजू काय तुज्यासारखो उतावळो नाय."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मागे उभ्या तेवीस घरांच्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांचे खड्डे बघून झाले होते, सगळ्यांचे रिकामे.

"जमीनच वायट, सायबानू," गुणाजी पुढे येऊन म्हणाला. "निसतो कातळ." हात मात्र त्याने पाठीमागे धरले होते.

"होय, होय, कातळच," सगळे म्हणाले. इतक्या चटकन सगळ्यांचं एकमत गावात कधी झालं नव्हतं.

"मग सडा काजूला नालायक, असं लिहितो. पुढच्या वर्षीची रोपं फोंडाघाटाकडे जातील."

विमलाने आईकडे पाहिलं. यशोदा पदराखाली हात लपवून उभी होती. वारा आला, पदर उडाला आणि बोटं दिसली. टोकं काळी, कातडी सोललेली. चुलीत भाजलं, असं ती महिनाभर सांगत होती. पण चुलीने बोटं अशी काळी होत नाहीत. अशी होतात ती काजूच्या टरफलातल्या तेलाने.

आषाढातली ती संध्याकाळ विमलाला आठवली. तीन दिवस घरात पेज नव्हती, धाकटी दोघं रडून झोपली होती, आणि अचानक पानात काजूंची उसळ. "हवाबीच्या भावान खारेपाटणसून धाडल्यान," आई म्हणाली होती.

शेजारची हवाबी आताही तिच्या बाजूलाच उभी होती. विमलाने हळूच विचारलं, "मावशी, तुज्या भावान काजू धाडलेले मां?"

"माजो भाव? तो शिमग्यापासून हयसर इलोच नाय, काय धाडूकय नाय गो."

विमलाने पुन्हा आईच्या बोटांकडे पाहिलं. म्हणजे आपली बाग आपणच खाल्ली. वर दोनदा मागून घेतली.

साहेबांचं पेन कागदाला टेकलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, शाळेत बोलतात तशा भाषेत, "जमिनीला नापास करू नका. बिया मी खाल्ल्या."

साहेबांचं पेन थांबलं.

"तिका ठावक नव्हता, सायबानू," यशोदा म्हणाली. तिने दोन्ही हात पदराबाहेर काढून पुढे धरले. "बियो मी काढलंय. पोरां उपाशी होती. पण पन्नास नाय. एकोणपन्नास."

ती चालत कोपऱ्यातल्या धोंड्याकडे गेली. तो राखणदाराचा, जमीन राखणाऱ्या देवाचा, धोंडा. अशा देवाच्या कोपऱ्यांत पायात काही घालून जात नाहीत, म्हणून बूटवाल्या साहेबांना गावाने आधीच लांबून वळवलं होतं. यशोदाने गवत बाजूला केलं. वीतभर रोप, तांबूस कोवळी पानं, वाऱ्यावर डुलणारी.

"राखणदाराचो वाटो," ती म्हणाली. "हो काढूक हात धजावलो नाय."

मग हवाबीने घसा खाकरला. "आमचोय एक आसा. पिराच्या नावाचो."

गुणाजीने पाठीमागचे हात सोडले. काळी बोटं त्याने आपल्या कुंपणाच्या कोपऱ्याकडे दाखवली. त्याच्यामागून आणखी एक काळं बोट उठलं, मग आणखी एक, सड्याच्या दर कोपऱ्याकडे.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि तेवीस घरांची तेवीस झाडं बघायला ते अनवाणी निघाले.