झिजलेली अक्षरं

"बाबा, पुसू नका. जशी उमटतेत तशीच येऊ द्या," काजल बंद दाराशी उभी राहून म्हणाली.

"पुसून काय होते? अक्षरंच झिजली," आतून प्रेमदासांचा आवाज आला. "तू बाहेरच बस. शाईनं कपडे खराब होतीन."

हिंगणघाटच्या या छापखान्यात एके काळी कुस्त्यांच्या दंगलीची, बैलांच्या शंकरपटाची, भीमजयंतीची पोस्टरं छापली जात. वीतभर उंचीची लाकडी अक्षरं; रस्त्याच्या पलीकडूनही वाचता यायची. गेल्या वर्षी प्रेमदासांनी अचानक छपाई बंद केली. कुणी कारण विचारलं की एकच सांगत, अक्षरं झिजली.

काजल पुण्यात फॉन्ट तयार करायची. बाबांची अक्षरं भंगारात जाऊ नयेत म्हणून ती सुट्टी टाकून आली होती. या अक्षरांचाच फॉन्ट करायचा आणि त्याला नाव द्यायचं, 'प्रेमदास'.

दाराखालून एकेक कागद बाहेर सरकत होता. जाड, ठसठशीत अक्षरं. मध्येच शाई विरलेली, कडा उसवलेल्या. काजल हरखून गेली. फोटो पाहून तिच्या कंपनीतली माणसंही हरखली. असा जुनाटपणा कॉम्प्युटरवर मुद्दाम आणला तर खोटा दिसतो. हा खरा होता.

"तुमच्या झिजलेल्या अक्षराले लोक डोक्यावर घेऊन राह्यले, बाबा," जेवताना तिनं सांगितलं.

प्रेमदास बाजेवर बसून नुसते हसले. हल्ली ते मागाहून, स्वयंपाकघरातच जेवत. काजलची आई, कांताबाई, तेवढ्यापुरतं दार लोटून घेत.

दुसऱ्या दिवशी आईबाबा पवनारला लग्नाला गेले आणि काजलच्या लक्षात आलं, 'ळ' राहूनच गेला. तिनं छापखाना उघडला. 'ळ' शोधला, रुळानं शाई लावली, वर कागद ठेवून तळहातानं दाबला.

अक्षर सलग उमटलं. काळंभोर.

'ळ' कितीसा लागतो? कमी वापरातला, म्हणून टिकला असेल. तिनं 'भ' घेतला. दर जयंतीला शाईत बुडालेला. तोही अखंड उमटला. मग 'क', मग 'प'. एकाचीही कड कुठं तुटलेली नव्हती.

संध्याकाळी प्रेमदास परतले. टेबलावर वाळत घातलेले कागद पाहून दारातच थबकले.

"बाबा, अक्षरं तर धडधाकट हायेत. मंग तुमी काऊन..."

"त्याइचंच नाव सांगत होतो, पोरी," ते हळूच म्हणाले. "थे बिचारे काई बोलत नाईत."

काजलनं 'भ'चा कागद त्यांच्यापुढे धरला. प्रेमदासांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि कागद घेतला.

पंखा बंद होता. वाऱ्याची झुळूकही नव्हती. कागद मात्र त्यांच्या हातात फडफडत राहिला.