गोराईची तीच खोली

बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई. वर्षभराच्या भांडणांनंतर सुयोग आणि मानसी पुन्हा त्याच घरगुती लॉजवर, त्याच खोलीत आले होते.

"गेल्या वर्षी इथे किती हसायचीस गं," सुयोग म्हणाला.

"तू हसवायचास तेव्हा."

ती तोंड धुवायला बाथरूममध्ये गेली. गेल्या वेळी आरशावर चिकटवून विसरलेली तिची लाल टिकली अजून तिथेच होती.

"लॉजवाल्या काकू आरसा पुसत नाहीत वाटतं!" ती आतून ओरडली.

नखाने टिकली काढायला गेली, तर बोटाला नुसती गुळगुळीत काच लागली. टिकली काचेच्या पलीकडे होती.

दाराची कडी आतून लागलेलीच होती.

बाहेर सुयोग म्हणाला, "आलीस? ये, बस ना."

आणि मानसीला बाहेरून स्वतःचं हसणं ऐकू आलं.