शेवटच्या बिलाचे हप्ते

"या खुर्च्यांचे पैसे मिळणार नाहीत," मालक म्हणाला. "पाहिजे तर खोळी उसवून घेऊन जा."

सोफेवाल्याने हातातलं बिल तसंच पुढे धरलं. उमेदीची सगळी वर्षं त्याने याच कारखान्यात पगारावर काढली होती. मग स्वतःचा धंदा काढला, घरीच मशीन टाकली आणि ठरलेल्या दराने याच मालकाच्या खुर्च्यांच्या खोळी शिवायला घेतल्या. आता मालकाने ते कामही बंद केलं होतं, वर शेवटचं बिल अडवलं होतं.

"पण खोट काय आहे, ते तरी सांगा."

मालकाने एक खुर्ची उलटी केली. शिवणीवरून अंगठा फिरवला. "आधीचं काम आणि हे काम एका हाताचं नाही. बाहेर कोणाला तरी दिलंत तुम्ही."

"देवाशपथ सांगतो, यातला एकेक टाका माझ्या हातचा आहे!"

आणि ते अगदी खरं होतं. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली, घरात जेवणाची आबाळ, मशीनवर हाताशी कोणी नाही, तरी त्याने एकट्याने सगळ्या खुर्च्या वेळेत पुऱ्या केल्या होत्या. त्याचं हे फळ!

कामगार कचेरीतल्या बाईंनी त्याचा अर्ज वाचून परत दिला. "तुम्ही नोकर नाही, धंदेवाले. पगाराची तक्रार इथे चालणार नाही. नोटीस द्या, नाहीतर कोर्टात जा." वकिलाची फी ऐकून तो तिथूनच माघारी फिरला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

बाहेर चहाच्या टपरीवर कारखान्यातला पॉलिशवाला भेटला.

"माझ्या जागी कोणाला घेतलंय का रे?"

"घेतलंय दादा." पॉलिशवाल्याने कपात फुंकर मारली. "मागच्या खोलीत बसवलंय."

"काम कसं आहे?"

"काम... चांगलं आहे."

"माझ्यापेक्षा?"

पॉलिशवाल्याने चहा एका घोटात संपवला. "ब्रश वाळत पडलेत दादा. निघतो."

त्या दिवसापासून सोफेवाल्याच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध नव्हतं. येताजाता तो दुकानाच्या काचेपाशी थांबायचा. आत नवा सोफा मांडलेला असायचा. कोपऱ्यावर शिवण अशी वळलेली, की टाका कुठे संपला ते कळू नये. काम थेट त्याच्याच कामासारखं होतं. कोणीतरी त्याची हातोटी उचलली होती आणि त्याच्याच जागेवर बसून वाहवा मिळवत होतं. काच फोडावी आणि ब्लेडने ती शिवण उसवून टाकावी, असं त्याला वाटायचं.

घरी तो दुसरं काही बोलेनासा झाला. बायको बहिणीकडून कधीच परतली होती, तरी बाळाला बघायला म्हणून मधूनमधून दुपारची जायची. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही गेलात की आवाज चढतो, मग मालकही हट्टाला पेटतात. मी बोलून बघते."

ती गेली आणि आठवड्याने पाकीट घेऊन आली.

"एकदम नाही जमणार म्हणतात. हप्त्याने मिळतील. पण तुम्ही तिकडे फिरकायचं नाही."

"का म्हणून?"

"तुम्हाला पैसे हवेत की भांडण?"

पैसे येत राहिले. पण बायकोचं जाणंही वाढत गेलं. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोजच. जाताना ती केस नीट बांधायची. येताना कसलंसं गाणं गुणगुणत यायची. पायात नव्या चपला आल्या.

"एका पाकिटासाठी दिवस दिवस लागतो?"

"बसवून ठेवतात हो. मोठ्या लोकांचं असंच असतं."

एकदा जेवताना ती सहज बोलून गेली, "काही म्हणा, मालकांना पारख आहे."

त्याचा घास तोंडातच फिरला. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल ती असं कधी बोलली नव्हती. एकाने त्याची खुर्ची घेतली होती, आता दुसरा त्याचं घर घेणार होता. त्याने ताट सरकवलं. ती भांडी उचलायला लागली, तेव्हा त्याला ते जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पॉलिशवाल्याला रस्त्यातच गाठलं.

"खरं सांग. माझी बायको तिकडे येते ना?"

पॉलिशवाल्याने मान खाली घातली. "दादा, मला या भानगडीत ओढू नका. वहिनींनाच विचारा."

आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? ती घरातून बाहेर पडली, तसा तोही थोड्या वेळाने निघाला. कारखान्यात शिरताना त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. मालक टेबलाशी एकटाच बसला होता.

"माझी बायको कुठे आहे?"

मालकाने चष्मा काढला. "आधी बसा."

"बसायला नाही आलो. हप्ते देण्याच्या नावाखाली काय चाललंय ते कळतं मला. माझ्याच पैशांसाठी माझ्या बायकोला..."

"कसले हप्ते?" मालक म्हणाला. "तुमच्या बिलापोटी मी फुटकी कवडी दिलेली नाही. देणारही नाही."

सोफेवाला टेबलावर वाकला. बिलाचे नाहीत, तर मग ते पैसे कशाचे होते? त्याला एकच उत्तर सुचलं आणि ते उच्चारायला जीभ उचलेना. मागच्या खोलीतून हलकंसं हसू ऐकू आलं. तिचंच होतं.

"थांबा, आत जाऊ नका," मालक उठत म्हणाला, "काम चालू आहे."

सोफेवाल्याने त्याला बाजूला ढकललं आणि दार खांद्याने उघडलं. आत कारखान्यातले सगळे जुने कारागीर मशीनभोवती श्वास रोखून उभे होते, आणि कोपऱ्यावर शिवण कशी वळवायची ते त्यांना शिकवत होती त्याची बायको.