स्टोनवॉश जीन्स

बाळ नुकतंच झोपलं होतं आणि घर कसं चिडीचूप होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "टर्रर्र!"

"काय फाटलं हो?" सासूबाईंनी दाराशी जाऊन विचारलं.

"काही नाही गं, जरा मोकळं झालं."

संध्याकाळी सासऱ्यांच्या कॉलेजच्या ग्रुपची भेट होती आणि सगळ्यांनी त्या काळच्या कपड्यांत यायचं ठरलं होतं. त्यासाठी आठवडाभर रात्रीचं जेवण सोडून त्यांनी ती जुनी स्टोनवॉश जीन्स अंगावर चढवली होती.

दार उघडलं, तर सासरे भिंतीला पाठ चिकटवून, पोट आत ओढून उभे. सासूबाईंनी त्यांना गर्रकन फिरवलं आणि मटकन पलंगावरच बसल्या.

"अहो, काय केलंत हे! या जीन्सवर भाळून तर लग्नाला हो म्हटलं मी. नाहीतर तुमच्यात दुसरं होतं काय?"

"अगं, पण मी आहे ना अजून!"

"तुमचं काय करू? जीन्स गेली ना!"

माझी पाच वर्षांची लेक हे सगळं गंभीरपणे ऐकत होती. तिने माझा हात ओढला आणि कानाशी येऊन विचारलं,



"आई, मग आता आजोबा परत करायचे का गं?"