दहा हो आणि एक नाही

"बाई, ही सुई माझीच ना?"

वॉर्डातल्या पेशंट साळूबाईंनी विचारलं होतं, त्याला सहा वर्षं झाली. कन्नड तालुक्याकडच्या होत्या, साधं बोलल्या तरी ओवीची ओढ असायची आवाजात. सुई त्यांची नव्हती. शेजारच्या खाटेची होती, इन्शुलिनची. तीन दिवस बेशुद्ध राहून त्या वाचल्या. औषधाच्या तक्त्यावर सुई देणारीचं नाव होतं निशाचं, नव्यानंच लागलेल्या नर्सचं. मी नाही दिली, असं ती सांगत राहिली. पण कागदापुढं तिचं कोण ऐकणार? तिला वॉर्डातून काढून चादरींच्या स्टोअरला बसवलं.

आता पडेगावच्या त्या दवाखान्यात नवी पद्धत येणार होती. रोज सकाळी ज्यानं त्यानं आपली चूक सगळ्यांसमोर सांगायची. सांगणाऱ्याला शिक्षा नाही. सुरू करण्याआधी डॉक्टर शिवराज यांनी सगळ्यांचा कौल घेतला. बिननावाच्या चिठ्ठ्या. दहा 'हो', एक 'नाही'.

"त्या एकाला कशाची भीती आहे ते कळल्याशिवाय सुरू करायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "तनुजा सिस्टर, तुम्ही बोला. तुमच्यापाशी लोक मन मोकळं करतात."

वॉर्डाच्या प्रमुख तनुजा सिस्टर मान हलवून निघाल्या. एकेकापाशी थांबल्या.

"म्या व्हयच लिवलं," मालनमावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या. "एकदा लिवलेलं वाचाया येईना, म्हणून खाली आनिक एकदा लिवलं."

काकासाहेब ब्रदर हसले. "घरी बायकोपुढं रोज चूक कबूल करतो, सिस्टर. लई सराव हाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "निशाच असंल. तिच्या मनातून ते गेलं नाय अजून."

सिस्टर पुढच्या खाटेकडं वळल्या.

दुपार कलली तोवर सगळ्यांच्या तोंडी तेच नाव झालं. निशाला वॉर्डात परत घेण्याचा कागद डॉक्टरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. त्यांनी तो बाजूला सारला.

"हिलाच हे नको असेल, तर वॉर्डात कशी घेऊ? बोलवा."

निशा आली. अंगाला धुतल्या चादरींचा वास. डॉक्टरांनी विचारलं तशी ती थोडी हसली.

"माझीच समजा, सर. सवय झालीय आता."

डॉक्टरांनी कागद खणात टाकायला उचलला.

"थांबा," तनुजा सिस्टर म्हणाल्या. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "ती चिठ्ठी हिची नाही. 'नाही' मी लिहिलं."

"तुम्ही? तुम्हाला कसली भीती, सिस्टर?"

त्या निशाकडं वळल्या. तिच्याकडं असं सरळ त्यांनी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"त्या दिवशी तक्त्यावर तुझं नावही मीच लिहिलं, निशा. ती सुई मी दिल्यावर."